आईला रिंग बसवली आहे, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६८ वर्षांच्या, साताऱ्याजवळच्या गावी राहतात, चारही बाळंतपणं घरीच झालेली. अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येत होतं म्हणून आठ महिन्यांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी योनीत आधाराची रिंग (पेसरी) बसवली. त्यानंतर त्या पुन्हा दाखवायला गेल्या नाहीत. मधुमेह जुना आहे. पाच महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट घातला, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. आता महिनाभर अंगावरून पिवळसर जातंय, वास येतो, आणि गेल्या आठवड्यात दोनदा लुगड्याला रक्ताचा डाग दिसला. डॉक्टरांनी फोनवर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची क्रीम सांगितली, पण खोक्यातला कागद वाचून तुम्ही ती लावू दिली नाहीत. मावशी म्हणतात, पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल.

आधी तातडीचं सांगते. या आठवड्यातच आईंना तपासायला न्या. रिंग बाहेर काढून, आतून नीट पाहून घ्यायला हवं, आणि हे फोनवर होत नाही. पाळी जाऊन वर्ष उलटलं की त्यानंतरचा रक्ताचा एक डागसुद्धा तपासल्याशिवाय सोडायचा नसतो, मग रिंग असो वा नसो. बहुतेक वेळा रिंगच्या घासण्याने झालेली छोटी जखम निघते, आणि स्टेंटच्या गोळ्यांमुळे अशी जखम लवकर ओघळते. पण "रिंगमुळेच असेल" असं गृहीत धरून पिशवीच्या अस्तराचा किंवा पिशवीच्या तोंडाचा कर्करोग उशिरा सापडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून जखम दिसली तरीसुद्धा सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघायची. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवायचा. पिशवीच्या तोंडाची तपासणी आयुष्यात कधी झाली नसेल तर तीही याच वेळी उरकून घ्या. आणि एक कळकळीने सांगते, रक्त दिसतंय म्हणून स्टेंटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच करायचं नाही.

तीस वर्षं मी ग्रामीण भागातल्या बायका तपासते आहे. रिंगने नुकसान झालेल्या ज्या ज्या बायका पाहिल्या, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांची रिंग विसरली गेली होती. नुसत्या रिंगने असं फारसं होत नाही. सर्वांत जास्त लक्षात राहिलेल्या आजी पंचाहत्तरीच्या होत्या. अंगावरून घाण वास येतो म्हणून सून वेगळं ताट-वाटी ठेवायची. आत हात घातला तर कडक झालेली रिंग, आणि तिच्यावरून चक्क मांस वाढलेलं. अकरा वर्षांपूर्वी बसवली होती. बसवताना सोबत आलेले आजोबा वारले, आणि घरात दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हतं. आजींना वाटायचं, डॉक्टरने बसवली म्हणजे कायमची. महिनाभर क्रीम लावून जागा मऊ केली आणि मग भूल देऊन, रिंग कापून तुकड्यांनी काढली. लघवीच्या पिशवीला भोक पडलं नाही हे त्यांचं नशीब. विसरलेल्या रिंगने तसं भोक पडू शकतं, कधी शौचाच्या मार्गालाही पडतं, आणि मग लघवी किंवा शौच योनीतून झिरपत राहते.

म्हणून रिंग गुपित ठेवायची नाही. घरातल्या निदान दोन माणसांना ती आहे हे ठाऊक असावं. कधी बसवली, पुन्हा कधी दाखवायचं, ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा आणि रिंगचा प्रकार व माप रेशनकार्डासोबत ठेवा. ज्यांची स्मृती कमी होत चालली आहे, ज्यांना पुन्हा आणणारं कोणी नाही, त्यांना रिंग बसवण्याआधी मी दहा वेळा विचार करते.

आता रिंग म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पिशवी, लघवीची पिशवी आणि आतड्याचं शेवटचं टोक यांना खालून स्नायूंचा आणि बंधांचा एक झोळा पेलून धरतो. बाळंतपणात तो ताणला जातो, फाटतो. त्यानंतर आयुष्यभर भरलेले हंडे, वैरणीचे भारे, चुलीच्या धुराने जडलेला खोकला, कुंथून शौचाला बसणं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटतं, झोळ्यात उरलासुरला जोरही जातो, आणि साठीच्या आसपास बाई सांगते, "काहीतरी हाताला लागतंय." पेसरी ही त्या झोळ्याला दिलेली आतली टेकण आहे. कल्पना फार जुनी. ग्रीक वैद्य सोरेनसने याच कामासाठी अर्धं डाळिंब वापरल्याचं नोंदलं आहे. आपल्याकडे सर्वांत जास्त बसवतात ती गोल, लवचीक रिंग. पिशवी पूर्ण बाहेर येत असेल आणि रिंग टिकत नसेल, तर देठ असलेली गेलहॉर्न पेसरी किंवा घनाकार क्यूब पेसरी असते. क्यूब आतल्या त्वचेला चिकटून ओढ देते, त्यामुळे ती रोज रात्री काढावीच लागते. एकट्या राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या बाईला ती देणं बरोबर नाही.

माप ठरवायला थोडा वेळ लागतो. टिकेल इतकी मोठी, पण बाईला आत काही आहे हे जाणवणार नाही इतकी बेताची हवी. बसवल्यावर रिंग आणि योनीची भिंत यांच्यामध्ये माझं बोट सहज फिरलं पाहिजे. मग मी बाईला ओपीडीतच चालायला लावते, खोकायला लावते, उकिडवं बसवते, आणि लघवी करून यायला सांगते. लघवी झाल्याशिवाय घरी सोडत नाही, कारण घट्ट रिंगने लघवी अडू शकते. उलटंही होतं. बाहेर आलेल्या अंगामुळे लघवीची नळी वाकलेली असते. अंग आत गेलं की नळी सरळ होते, आणि आजवर न सुटणारी लघवी खोकताना सुटायला लागते. बाईला वाटतं रिंगने बिघडवलं. खरं तर तो दोष आधीचाच, झाकलेला असतो. पहिल्या खेपेला माप चुकणं अगदी नेहमीचं आहे. दोन-तीन मापं बदलून बघावी लागतात, त्यामुळे एकदा रिंग पडली म्हणून "आमच्या आईला चालत नाही" असं ठरवू नका.

बसवल्यानंतर एक-दोन आठवड्यांत पहिली तपासणी. पुढे साधारण दर तीन महिन्यांनी, आणि सगळं ठीक असेल तर फार तर सहा महिन्यांनी रिंग काढायची, धुवायची, आतली भिंत चहूबाजूंनी बघायची आणि परत बसवायची. सिलिकॉनची रिंग तडा जाईपर्यंत किंवा रंग-आकार बिघडेपर्यंत काही वर्षं चालते. तालुक्याच्या ठिकाणी अजून मिळते ती पीव्हीसीची स्वस्त रिंग मात्र काही महिन्यांत कडक होते, ती बदलावीच लागते. आईंची कोणती आहे हे विचारून घ्या. आठ महिन्यांत एकदाही न काढलेली कडक रिंग असेल, तर तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तक्रारी त्यातूनच आल्या असणं शक्य आहे.

आता क्रीमबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुमची भीती मला रोज भेटते. पाळी चालू असताना योनीची आतली त्वचा जाड, ओलसर, वळ्यावळ्यांची असते. तिच्या पेशींतल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताक आंबवणाऱ्या जिवाणूंच्याच कुळातले हे. त्यामुळे आतलं पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३.८ ते ४.५ असं आंबट राहतं आणि बाहेरचे जंतू टिकत नाहीत. इस्ट्रोजेन आटलं की त्वचा कागदासारखी पातळ होते, वळ्या जातात, साखर संपते, हे राखणदार जिवाणू कमी होतात आणि पीएच ५ च्या वर जातं. आग, खाज, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीला होणं हे सगळं याचंच. अशा पातळ त्वचेवर रात्रंदिवस रिंग टेकलेली असेल तर घासून जखम होणारच.

ही क्रीम बहुधा इस्ट्रिऑलची, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका सौम्य प्रकाराची, असते. ती त्वचेला तिचा हरवलेला आधार जागच्या जागी परत देते. पहिले दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा, असा नेहमीचा क्रम. सोबतच्या नळीने किंवा बोटाच्या पेरावर शेंगदाण्याएवढी घेऊन आत लावायची. रिंग आत असतानाही लावता येते. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून थांबवली की काही आठवड्यांत त्वचा पुन्हा पातळ होते. हे लोकांना पटत नाही, पण खोबरेल लावणं सोडलं की टाच पुन्हा फुटते, तसंच आहे. क्रीममुळे रिंगच्या जखमा हमखास टळतात असं सगळे अभ्यास एकमुखाने सांगत नाहीत. कोरडेपणा, आग आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांवरचा गुण मात्र पक्का आहे. १९९३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापलेल्या एका चाचणीत पाळी गेलेल्या बायकांना हीच इस्ट्रिऑल क्रीम दिली होती. वर्षाला सरासरी सहाच्या आसपास होणारे लघवीचे संसर्ग क्रीम लावणाऱ्या गटात एकाच्याही खाली आले.

मग खोक्यातल्या कागदावर कर्करोग, झटका, रक्ताच्या गुठळ्या असं का लिहिलंय? त्या सूचना मुख्यतः तोंडाने घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्यांच्या अनुभवावरून आल्या. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले आणि जगभर घबराट पसरली. तो अभ्यास गोळ्यांचा होता. योनीत लावायच्या कमी मात्रेच्या क्रीममधून रक्तात फारच थोडं इस्ट्रोजेन जातं. त्याच संशोधन-प्रकल्पातल्या ४५ हजारांहून अधिक बायकांची माहिती २०१८ मध्ये वेगळी तपासली गेली, तेव्हा योनीत इस्ट्रोजेन लावणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग, पक्षाघात किंवा हृदयविकार वाढलेला दिसला नाही. स्टेंट असलेल्या तुमच्या आईंना ही क्रीम वर्ज्य नाही. पण क्रम पाळा. रक्त का जातंय याची तपासणी आधी, क्रीम नंतर. तुम्ही क्रीम थांबवलीत ते या एका कारणासाठी बरंच झालं. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, विशेषतः ज्या त्यासाठी इस्ट्रोजेन बंद पाडणाऱ्या गोळ्या घेत आहेत, त्यांनी आधी हायल्युरॉनिक आम्लाचं, हार्मोन नसलेलं जेल वापरावं आणि पुढचं कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

अंगावरून जाण्याविषयी. रिंग आत असली की पांढरं किंवा पाण्यासारखं थोडं जास्त जाणारच, त्याला औषध लागत नाही. मात्र वास, पिवळा-हिरवा रंग, खाज किंवा रक्त आलं की बघायला हवं. आईंची रिंग काढल्यावर जखम दिसली तर रिंग लगेच परत बसवत नाहीत. दोन-तीन आठवडे ती बाहेर ठेवून क्रीम लावतात, जंतुसंसर्ग असेल तर मेट्रोनिडाझोल हे जंतू मारणारं औषध देतात, जखम भरली की पुन्हा बसवतात, बहुधा एक माप लहान. त्या दिवसांत अंग बाहेर येईल, त्याने घाबरू नका. ते कोरडं पडू देऊ नका, हाताने हळूच आत सारून आडवं पडायला सांगा.

मधुमेहाच्या गोळ्यांची नावं मला कळवा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं काही असेल, तर त्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि त्या साखरेवर बुरशी पोसते. हृदयासाठी चांगल्या गोळ्या आहेत, बंद करायच्या नाहीत, पण दही फाटल्यासारखं जाणं आणि खाज यांचं मूळ तिथे असू शकतं. हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण स्टेंटची फाईल एका दवाखान्यात आणि रिंगचा कागद दुसऱ्यात, असं नेहमी होतं.

घरगुती उपायांबद्दल मला काळजी वाटते. "घट्ट व्हावं" म्हणून तुरटीचं पाणी, वास जावा म्हणून डेटॉल, कोणी हळद, कोणी लिंबू. त्या पातळ त्वचेवर हे सगळं चटका देतं आणि उरलेसुरले चांगले जिवाणूही मारतं. बाहेरून साधं पाणी पुरे. आत काहीही घालून धुवायचं नाही.

शौचाच्या वेळी रिंग घसरून पडते ही आपल्याकडची खास अडचण, कारण आपण उकिडवं बसतो आणि बद्धकोष्ठ असेल तर कुंथतो. रात्री इसबगोल, दिवसभर पुरेसं पाणी, आणि जोर करावाच लागला तर कापड घेतलेल्या हाताने योनीच्या तोंडाला खालून आधार द्यायचा. पडलीच तर गरम पाण्याने, साबणाने धुवून कोरडी करून डबीत ठेवा आणि दवाखान्यात घेऊन जा. जड उचलणं कमी करायला सांगते खरी, पण ज्या घरात नळ नाही तिथे हे बोलताना मलाच अवघड वाटतं. तिथे मी सुनेला आणि मुलाला समोर बसवून सांगते की घागर आता तुम्ही आणायची.

नवऱ्याशी संबंध येत असेल तर गोल रिंग आत ठेवूनही चालतं किंवा काढूनही ठेवता येते. साठीनंतरच्या बाईला हे कोणी विचारत नाही आणि तीही बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मावशींच्या सल्ल्याबद्दल. पिशवी खाली येते ती तिला पेलणारा झोळा फाटला म्हणून. नुसती पिशवी काढली आणि झोळा शिवला नाही, तर काही वर्षांनी योनीचं टोकच उलटं होऊन बाहेर येतं, आणि ते दुरुस्त करणं जास्त अवघड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या तरुण वयात काढलेल्या पिशव्यांचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. अशा बायका आता चाळिशी-पन्नाशीत या तक्रारी घेऊन येतात तेव्हा फार वाईट वाटतं. याच महाराष्ट्रात, मुंबईत, डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी पिशवी न काढता ती वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या होत्या.

योग्य बाईला, योग्य वेळी, आधारासकट केलेली शस्त्रक्रिया उत्तमच असते. नेदरलँड्समध्ये ४४० बायकांवर पेसरी आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. दोन वर्षांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण पेसरीच्या बाजूला ७६ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या बाजूला ८१ टक्के निघालं. म्हणजे शस्त्रक्रिया थोडी पुढे, पण पेसरी फार मागे नाही. मात्र पेसरीवाल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, हेही सांगायला हवं. आईंचा स्टेंट पाच महिन्यांचा आहे. अशा वेळी टाळता येण्यासारखं ऑपरेशन निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर पुढे ढकलतात. तोवर रिंग हाच त्यांचा आधार. पुढच्या वर्षी साखर आटोक्यात, हृदय स्थिर आणि त्यांची स्वतःची इच्छा असेल, तर बसून ठरवू. सोनोग्राफीत मूत्रपिंडंही बघायला सांगा. अंग पूर्ण बाहेर येत असेल तर मूत्रवाहिन्या ओढल्या जाऊन मूत्रपिंडाला सूज येते, आणि बाईला ते कळतही नाही.

मूळ अडचण आणखी वेगळी आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. आज दवाखाने वाढले, पण माझ्यासमोर बसलेली बाई अजून पदराआड तोंड करून "अंग येतंय" एवढंच म्हणते, आणि किती वर्षं असं विचारलं तर म्हणते, "धाकट्याच्या वेळेपासून." धाकटा असतो चाळीस वर्षांचा. आई तुमच्याशी बोलल्या हीच मोठी गोष्ट आहे.

रक्त भळभळा जाणं, लघवी अडणं, ताप आणि ओटीपोटात दुखणं, किंवा लघवी-शौच योनीतून झिरपणं यांतलं काही दिसलं तर आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी न्या.

जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, स्टेंटचा कागद आणि रिंग बसवल्याची चिठ्ठी पिशवीत घाला. शक्य असेल तर डॉक्टरीणबाईंकडे न्या, आई मोकळ्या बोलतील. जखम भरून रिंग पुन्हा बसली की तिला शस्त्रक्रियेचा जाड दोरा बांधून मागा, काढायला सोपं जातं. आणि निघण्यापूर्वी आईंनाच एकदा ती काढून पुन्हा घालायला शिकवा. एक पाय पाटावर ठेवायचा, बोटाने कड धरून खाली ओढायची, धुवायची, इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखी चिमटीत दाबून जेली लावून आत सारायची. ब्रिटनमध्ये अशा स्वतः हाताळणाऱ्या बायकांचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यांना त्रास कमी झालेला दिसला. आठवड्यातून एक रात्र रिंग बाहेर राहिली की त्वचेला विसावा मिळतो. "मला नाही जमायचं" असं त्या आधी म्हणतीलच. बारीक सुईत दोरा ओवणाऱ्या, चार लेकरं वाढवलेल्या बायका आहेत या. माझ्या अनुभवात तिसऱ्या प्रयत्नाला जमतं.